खिशाची तीन वळणं

वहिनींना माणसं चेहऱ्यावरून फारशी ओळखू येत नाहीत, खांद्यावरून येतात. बँकेच्या खिडकीमागचे साहेब डाव्या खांद्याला अर्धा इंच उतरते आहेत. औषधाच्या दुकानातल्या बाईंची मान आखूड आहे, आणि नळदुरुस्तीवाल्याचा उजवा हात डाव्यापेक्षा बोटभर लांब आहे. ही सगळी मंडळी मोठी झाली, टकली झाली, पोटं सुटली, पण वहिनींच्या लेखी ती अजून मापाच्या वहीतलीच आहेत. या सगळ्यांचे शाळेचे शर्ट वहिनींनी शिवलेले.

वय एकाहत्तर. अंगाने काटक, बोलायला त्याहून काटक. लग्न होऊन या घरात आल्या त्या पायमशीन सोबत घेऊनच. पहिल्या दिवशी त्याची घरघर ऐकून सासूबाई म्हणाल्या होत्या, "सून एक आणली, आवाज दोन आले." पुढची खोली मशीनची झाली ती कायमचीच. तीन भिंतींना छतापर्यंत कापडाचे तागे, पांढरे, राखाडी, फिकट निळे. तागे आवाज पिऊन टाकतात. त्या खोलीत कुणी शिंकलं तर शिंकसुद्धा लाजून अर्ध्या वाटेवरून परत जाते. अशा या खोलीत एका थोर कलेचा जन्म झाला, आणि पुढे पस्तीस वर्षं त्या कलेला आपलं जन्मस्थान सांगायची लाज वाटत राहिली.

घरात माणसं तीन. वहिनी, त्यांचे यजमान, म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे दादा, आणि वरच्या खोलीत दादांचा धाकटा भाऊ. जन्मभर टिकटिक ऐकून दादांचे कान गेले. आता कानात यंत्र असतं. धाकटा भाऊ जिना उतरताना दिसला की ते यंत्र काढून खिशात टाकतात. विचारलं तर म्हणतात, "बॅटरी वाचते."

धाकटा भाऊ एकोणसाठ वर्षांचा आहे आणि रॅपर आहे. चाहते त्याला 'वस्ताद' म्हणतात. वहिनी भाऊजी म्हणतात, आणि त्या एका शब्दात कधी माया असते, कधी मिरची. वस्तादांच्या नावावर अकरा अल्बम आहेत. पहिला 'बिनइस्त्री', ऐन तेविशीत केलेला. मग आला 'आग'. मग 'आग अजून'. मग 'आग कायम'. एवढी आग लागल्यावर पुढे 'राख' येणार हे कुणालाही कळलं असतं, आणि ती आली. तिच्यामागून 'राखेतली आग'. त्यानंतर चार वर्षं वस्ताद बोलले नाहीत आणि मग त्यांनी 'मौन' काढला, जो बहात्तर मिनिटं अखंड बोलत होता. पुढचा 'मौनानंतर', त्यापुढचा 'आरसा', मग टाळ्या-अश्रूंच्या निरोपासकट 'शेवटचा', आणि दीड वर्षाने 'शेवटचा नव्हे'.

हे अकराच्या अकरा वहिनींनी जगाच्या आधी ऐकलेत, छतातून. कला कळते असा त्यांचा दावा नाही. पण मापात बसलेली आणि मापाबाहेर गेलेली वस्तू त्यांना लांबून ओळखू येते, आणि त्यांचं मत पहिल्यापासून एकच: पहिला अंगाबरोबर बसलाय, बाकीचे दहा ढगळ.

गंमत म्हणजे जगाचंही तेच मत होतं. वस्ताद व्यासपीठावर चढले की लोक ओरडत, "बिनइस्त्री!" वस्ताद 'राखेतली आग' सुरू करत आणि लोक चहाला जात. खरं तर 'बिनइस्त्री'च्या कॅसेटी निघाल्या होत्या मोजून दोनशे. पण आज पंचेचाळिशीच्या पुढचा जो भेटतो तो सांगतो, "माझ्याकडे होती हो पहिली प्रत." अशा प्रती मोजल्या तर त्या काळी गावोगावचे कॅसेटवाले बंगले बांधून मोकळे झाले असते. प्रत्यक्षात रेडिओने त्यातलं एकच गाणं जपून ठेवलं, तीन मिनिटांचं, आणि सगळी कीर्ती त्या तीन मिनिटांवर उभी होती.

ते गाणं नावापुरतं रॅप होतं. त्याचा जीव होता ताल. धावणारा, मधेच अडणारा, पुन्हा धावणारा. चौथ्या ओळीनंतर तर तो तीनदा ठार थांबे, आणि ऐकणाऱ्याचा श्वास त्याच्यासोबत थांबे.

आता तो ताल आला कुठून?

छत्तीस वर्षांपूर्वी वस्तादांकडे कागद होता, पेन होतं, मित्राचा कॅसेट रेकॉर्डर होता. ताल नव्हता आणि शांत खोली नव्हती. शांत खोली घरात एकच, वहिनींची. आणि वहिनींकडे होती शाळेची एकशे चाळीस शर्टांची ऑर्डर, तीन दिवसांवर आलेली.

"वहिनी, तीन दुपारी मशीन बंद ठेवाल का? कलेसाठी?"

"आणि एकशे चाळीस पोरं उघडी बसतील, त्यांना काय सांगू? कलेसाठी?"

मशीन बंद झालं नाही. वस्तादांनी रेकॉर्डर ताग्यांच्या ढिगावर ठेवला आणि चिडून मशीनच्या आवाजावरच बोलायला लागले. पहिल्या दुपारी वहिनी कॉलरी शिवत होत्या. कॉलर घाईने होत नाही, म्हणून पहिली चार गाणी सावकाश आहेत. दुसऱ्या दुपारी खिसे. शर्टाच्या खिशाला खाली टोक असतं, म्हणजे तीन वळणं. प्रत्येक वळणावर सुई कापडात रोवून ठेवायची, कापड धरून ठेवणारा वरचा दाब उचलायचा, कापड फिरवायचं, दाब खाली, की पुन्हा पाय चालू. तिसऱ्या दुपारी दोन्ही बाजूंच्या लांब सरळ शिवणी. तिथे वहिनींचा पाय सुसाट, म्हणून शेवटची चार गाणी वाऱ्यासारखी.

बारा गाणी झाली, शर्टही झाले. शाळेला शर्ट वेळेवर मिळाले, हे वहिनी आवर्जून सांगतात.

मग रेडिओवर गाणं वाजलं आणि पहिला मुलाखत घेणारा घरी आला. त्याने विचारलं, "हा ताल कोणत्या यंत्रावर केलात?" वस्ताद तेविशीचे. समोर माईक. शिलाई मशीन म्हणायला जीभ वळेना. म्हणाले, "परदेशी यंत्र आहे. मामांनी पाठवलं."

वहिनी त्या वेळी पाण्याचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. प्रॉम्प्टरच्या जागी उभं राहून नटाने भलतंच वाक्य टाकलेलं ऐकावं तसं त्यांनी ते ऐकलं. पाणी ठेवलं आणि आत गेल्या.

पहिल्या प्रयोगात नटाने एक वाक्य पदरचं घातलं आणि टाळी मिळाली, की शंभराव्या प्रयोगापर्यंत त्याचं पान होतं. तसंच झालं. पुढच्या मुलाखतीत यंत्राला निळे दिवे आले. त्याच्या पुढच्या वर्षी ते चाळीस किलोंचं झालं. मग ते बोटीतून येताना भिजलं, म्हणून ताल मधेच अडतो. दहाव्या वर्षी मामा वारले. घरात मुळात मामाच नव्हता. सासूबाई एकुलत्या एक.

वहिनी भांडल्या नाहीत. भांडण उसवता येतं, म्हणून त्यांचा भांडणावर विश्वास नाही. त्या फक्त एक गोष्ट करू लागल्या. वस्तादांची कार्यक्रमाची जॅकेटं त्याच शिवत. त्या मुलाखतीनंतरच्या पहिल्या जॅकेटापासून त्यांनी खिसे शिवले ते तोंड बंद करूनच. बाहेरून खिसा, आत हात जाईना.

"वहिनी, हे खिसे उघडत नाहीत."

"परदेशी पद्धत आहे, भाऊजी. मामांना विचारा."

दुसऱ्या शिंप्याकडे जायची हिंमत वस्तादांना झाली नाही. खिशात हात घालता येईनात म्हणून रंगमंचावर ते हात हवेत फिरवू लागले. कधी पंखा हाकल्यासारखे, कधी माशी मारल्यासारखे. चाहत्यांनी ते हातवारे उचलले. आज विशीतली मुलं कॅमेऱ्यासमोर तसेच हात करतात आणि सांगतात की ही वस्तादांची शैली आहे. मध्यंतरी एका कपडेवाल्याने बंद खिशांची जॅकेटंही बाजारात आणली.

असा सगळा सुखाचा संसार चालू असताना संपादक आले.

एका ध्वनिमुद्रण कंपनीला वस्तादांचं समग्र काम एका पेटीत काढायचं होतं: अकरा अल्बम, आणि सोबत एक पुस्तक, ज्यात कुठलं गाणं कधी, कुठे, कुणी काय वाजवलं याची पक्की यादी. संपादक शेचाळीस वर्षांचे, गंभीर, गळ्यात उपरण्यासारखा मफलर. त्यांनी त्या रेडिओवरच्या तीन मिनिटांवर आठ पानी लेख आधीच लिहून आणला होता, आणि वहिनींच्याच खोलीत बसून तो वाचून दाखवला. त्यात म्हटलं होतं की चौथ्या ओळीनंतरचं पहिलं मौन व्यक्तीचं, दुसरं समाजाचं, आणि तिसरं विश्वाचं.

वहिनी काज करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तिसऱ्यानंतर काय असतं?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्यानंतर?" संपादकांनी चष्मा काढला. "तिसऱ्यानंतर मुक्ती."

"बरोबर," वहिनी म्हणाल्या. "तिसऱ्यानंतर खिसा संपतो."

संपादक विचारात पडले आणि वस्तादांना एकदम खोकला आला.

अडचण पुढेच होती. 'बिनइस्त्री'ची मूळ कॅसेट ट्रंकेतून काढली तर तिला बुरशी. चाहत्यांच्या हजारो प्रतींपैकी एकच खरी निघाली, आणि तिच्यावर त्या गृहस्थांनी मुलीचे सतरापर्यंतचे पाढे भरून ठेवले होते. तेव्हा ठरलं की वहीतून शब्द घेऊन वस्तादांनी बाराही गाणी नव्याने मुद्रित करायची. महिनाअखेर नाही झालं तर पेटी दहा अल्बमांचीच निघेल. दहा अल्बमांची पेटी म्हणजे बिननवरदेवाची वरात, हे वस्तादांना कुणी सांगायला नको होतं.

स्टुडिओत ते चार दिवस गेले. स्टुडिओ चालवणारी बाई पन्नाशीची, कमी बोलणारी. तिने संगणकावर स्वच्छ ताल लावून दिला. वस्ताद चौथ्या ओळीपर्यंत आले आणि थांबले. ताल पुढे निघून गेला. पुन्हा. पुन्हा थांबले. ताल पुन्हा पुढे. खिसा नसलेल्या तालावर ते खिशाच्या वळणाची वाट बघत होते. दुसऱ्या दिवशी थांबे मोजून घातले, तर वस्ताद एक क्षण आधी किंवा एक क्षण नंतर. कॉलरीच्या गाण्यांत तर ते झोपाळूच वाटू लागले.

"तुम्ही ऐकताय एक आणि बोलताय दुसऱ्यावर," स्टुडिओवाली शेवटी म्हणाली. "ते दुसरं काय आहे, ते आणा."

त्या दुपारी वस्ताद खाली आले तेव्हा दादांनी सवयीने कानाला हात लावला. पण भावाचा चेहरा बघून यंत्र कानातच ठेवलं. वस्ताद ताग्यांना टेकून बसले.

"वहिनी, एक विनंती होती."

"खिसे सोडून बोला."

"स्टुडिओत याल का? मशीन घेऊन. फक्त तीन दिवस." मग घाईने, "तुमचे आभार मानू ना आपण! विशेष आभार! शेवटच्या पानावर, चौकटीत!"

"आभार पाहुण्यांचे मानतात, भाऊजी."

"मग काय पाहिजे?"

वहिनींनी दोरा दातांनी तोडला. "यादीत 'कुणी काय वाजवलं' असं आहे ना? मग मशीन कुणाचं, ते सांगा. एकदा. तुमच्या तोंडानं. मला मानपत्र नको, शाल नको. जे आहे ते सांगा."

"छत्तीस वर्षांनी? लोक काय म्हणतील, वहिनी? मामांचं काय करू?"

"मामांना तुम्ही मारलंत, तुम्हीच बघा."

"बघू," वस्ताद म्हणाले.

"बघू" म्हणजे काय ते वहिनींना कळतं. गिऱ्हाईक "बघू" म्हणून गेलं की ते पुढच्या चौकातल्या शिंप्याकडे बसलेलं असतं. तरी त्या म्हणाल्या, "येते."

वस्ताद वर गेल्यावर दादा म्हणाले, "तू इतक्या सहज तयार झालीस? म्हणजे डोक्यात काहीतरी बेतलेलं दिसतंय."

"बेतलंय. शिवायचं तिथे. मोटर काढून द्या तेवढी."

पंधरा वर्षांपूर्वी गुडघे बोलायला लागले तेव्हा दादांनी मशीनला मोटर बसवली होती. आता त्यांनी डोळ्याला भिंग लावून ती काढली, पायाचा पट्टा पुन्हा चढवला, तेल घातलं. घड्याळासारखं ऐकलं, म्हणजे बोटांनी, कारण कानांनी ऐकू येत नव्हतं. "चालतंय," म्हणाले. मग वहिनींच्या गुडघ्यांकडे बघून, "ते दोन चालतील का बघ."

टेम्पोतून मशीन स्टुडिओत गेलं. सकाळी दहाला वहिनी आत शिरल्या. भिंतींना गाद्यांसारखं काहीतरी लावलेलं होतं. त्यांनी एका गादीची कड बोटाने उचलून बघितली. "शिलाई कच्ची आहे. सहा महिन्यांत लोंबेल." स्टुडिओवाली पहिल्यांदाच हसली.

"आजी, नुसतं मशीन चालवलं तरी चालेल," संपादक काचेपलीकडून म्हणाले. वहिनी कशाला आल्यात हे वस्तादांनी त्यांना 'वातावरणनिर्मितीसाठी' असं सांगितलं होतं. "कापडाची गरज नाही."

"रिकामं मशीन चालत नाही. दोरा गुंततो. आणि मी काय नाटकातली शिंपीण आहे का, खोटं शिवायला?" त्यांनी पिशवीतून कापड काढलं. शाळेच्या शिपायांचे बारा शर्ट, खरी ऑर्डर. मग चष्म्यावरून संपादकांकडे नीट बघितलं. "उभे राहा जरा. वळा." संपादक का कोण जाणे, वळले. "उजवा खांदा खाली. त्या शाळेचे ना तुम्ही? दहा वर्षांचे असाल. तुमच्या शर्टात आतून पट्टी लावली होती मी, खांदे सारखे दिसावे म्हणून."

संपादकांचा हात आपोआप उजव्या खांद्याकडे गेला.

पहिला दिवस कॉलरींचा. वहिनींचा पाय पडला मात्र, वस्तादांचा आवाज तेविशीचा झाला. पोट तेच, दम तोच, पण शब्द बरोबर जागेवर पडू लागले. चार गाणी दुपारपर्यंत आटपली. अभिमानी माणसाला आपला ताल दुसऱ्याच्या पायात आहे हे कळणं सोपं नसतं. वस्ताद डबा खाताना एकही शब्द बोलले नाहीत, आणि असा योग त्या घराने फार वर्षांनी पाहिला.

दुसरा दिवस खिशांचा. पहिलंच गाणं ते, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. वहिनींनी खिसा टाचणीने लावला, सुई खाली घेतली. काचेपलीकडे संपादक वही उघडून बसले. वस्ताद माईकसमोर, हात हवेत:

*कॉलर ताठ तुमची, माझी कॉलर दुमडलेली,*
*शाळा तुमची पक्की, माझी शाळा बुडलेली,*
*रांगेत उभे तुम्ही, माझी रांगच मोडलेली,*
*बिनइस्त्री आलो मी, घडी नाही पडलेली!*

पहिलं वळण. मशीन थांबलं. दाब वर, कापड फिरलं, दाब खाली. "बघा!" वस्ताद म्हणाले आणि पाय पुन्हा चालू. दुसरं वळण, टोकाचं. मशीन थांबलं. दाब वर. "मोजा!"

आणि दाब वरच राहिला.

वस्तादांनी वाट बघितली. तालाची जागा आली आणि गेली. त्यांनी मान वळवली. सुई कापडात रोवलेली, वहिनींचे दोन्ही पाय मशीनच्या पायपट्टीवरून उतरून जमिनीवर, हात मांडीवर. वस्तादांनी डोळ्यांनी विचारलं, काय झालं? वहिनींनी चष्मा काढला आणि पदराने सावकाश पुसला. स्टुडिओवालीच्या यंत्रावरचा लाल दिवा चालूच होता. तिने तो बंद केला नाही.

"पुढे, वहिनी," वस्ताद दातांत म्हणाले.

"मशीन कुणाचं, भाऊजी?"

आवाज शांत होता, आणि अशा खोलीत शांत आवाज जास्त ऐकू येतो.

वस्तादांचं तोंड सवयीने उघडलं. "पर..." एवढंच बाहेर आलं. काचेपलीकडे संपादकांनी लिहायला पेन उचललं होतं. इथे मशीन थांबलेलं, तिथे महिनाअखेर, मधे मामा. वस्तादांनी हात हवेत फिरवायला उचलले आणि ते तसेच अधांतरी राहिले. वहिनींनी चष्मा चढवला. कापडाकडे बघत बसल्या. त्यांना घाई नव्हती. शिपायांचे शर्ट शुक्रवारी द्यायचे होते.

मग वस्तादांनी डोळे मिटले, आणि वहीत नसलेल्या दोन ओळी त्यांच्या तोंडून बाहेर पडल्या, ताल नसताना, नुसत्या:

*परदेशातून आला नाही ताल कुठल्या खोक्यातून,*
*आला तो या वहिनीच्या एका एका टाक्यातून!*

वीस वर्षांत त्यांनी केलेल्या या सगळ्यात बऱ्या ओळी होत्या. दाब खाली आला. पाय पट्टीवर गेले. तिसरं वळण, "शिका!", आणि मग खिशाची शेवटची उभी शिवण अशी धावली की वस्तादांना पुढचं कडवं अक्षरशः तिच्यामागे पळत म्हणावं लागलं.

गाणं संपलं. संपादक काचेला चिकटले होते. "छान! फार छान! फक्त ते मधलं घरगुती संभाषण नंतर कापू आपण."

"मी नाही कापणार," स्टुडिओवाली म्हणाली. "टेक चांगला आहे."

 जाताना मशीनचं झाकण वस्तादांनी स्वतः बसवलं.

त्या संध्याकाळी जेवणाआधी वहिनींनी हात पुढे केला. "जॅकेट द्या." ब्लेडच्या टोकाने डाव्या खिशाचे टाके उसवले आणि जॅकेट परत दिलं.

"उजवा?"

"आवाज वाऱ्यावर जातो, भाऊजी. छापून येऊ दे."

तिसऱ्या दिवशी लांब शिवणींची चार गाणीही झाली. शुक्रवारी शिपायांना शर्ट पोचले. तीन आठवड्यांनी पुस्तकाची तपासायची पानं आली. संपादकांनी प्रस्तावना बदलली होती. आठ पानांची आता चौदा झाली होती, आणि त्यांतली सहा या विषयावर होती की प्रस्तुत लेखकाचं 'बिनइस्त्री'शी बालपणापासून रक्ताचं नातं आहे, कारण त्या तालाच्या प्रत्यक्ष निर्मितीत त्याच्याच शर्टाचा खिसा शिवला जात होता. त्यांच्या उतरत्या खांद्याला एक सबंध परिच्छेद होता. मौनाचा सिद्धांत जागच्या जागी होता. फक्त तिसरं मौन आता विश्वाचं नव्हतं, वस्त्राचं होतं.

वस्तादांनी पानं वहिनींच्या खोलीत आणली आणि यादी मोठ्याने वाचायला घेतली. "'बिनइस्त्री. शब्द आणि आवाज: वस्ताद. ताल: शिलाई यंत्र. संकल्पना...'" ते थांबले.

वहिनी शिवत होत्या. "संकल्पना कुणाची?"

"'संकल्पना: वस्ताद.'"

मशीन चालूच राहिलं.  दादांनी कानातल्या यंत्राकडे हात नेला आणि मग, भाऊ काय करतो ते ऐकायला, हात परत खाली घेतला.

वस्तादांचा डावा हात खिशात होता. उजवा बाहेर, रिकामा. त्या उजव्या हाताने त्यांनी वहिनींची पेन्सिल उचलली, खडूच्या डब्यातली, बोथट. 'शिलाई यंत्र' खोडलं. वर लिहिलं: वहिनी, पायमशीनवर. मग बराच वेळ पेन्सिल 'संकल्पना'पाशी उभी राहिली. छत्तीस वर्षं, बोट, निळे दिवे आणि एक कैलासवासी मामा सगळे त्या टोकाशी रांग लावून उभे असावेत. शेवटी त्यांनी आपलं नाव खोडलं आणि लिहिलं: शाळेची ऑर्डर, शर्ट एकशे चाळीस.

मग त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, आणि दादांसाठी पुन्हा एकदा, ओरडून.

वहिनींनी शिवण संपवली, दोरा तोडला आणि हात पुढे केला. "जॅकेट."

उजवा खिसा उघडायला डाव्याहून जास्त वेळ लागला. टाके बारीक होते, रागाच्या दिवसांतले. जॅकेट परत मिळालं तसं वस्तादांनी घातलं. दोन्ही हात दोन्ही खिशांत घातले. आत हात वळवून बघितले, कापड चाचपलं, आणि खोलीच्या मधोमध उभे राहिले.

"म्हणा की काहीतरी," दादा म्हणाले. यंत्र कानात होतं.

वस्तादांनी तोंड उघडलं. हात खिशात राहिले. शब्द येईना. पस्तीस वर्षं ज्या हातांनी हवा कापली त्यांना आता घर मिळालं होतं, आणि ते बाहेर यायला तयार नव्हते. ताग्यांनी तेही सगळं पिऊन टाकलं.

"हे चौथं मौन," वहिनी म्हणाल्या आणि पुढचं कापड मशीनखाली सरकवलं. "संपादकांना कळवू नका, भाऊजी. आठ पानं वाढतील."